डोळे मिटल्यावर जे दिसते

गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी सजगतेची, म्हणजे सध्या ‘माइंडफुलनेस’ या नावाने सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाची, तीन तासांची कार्यशाळा झाली. मागच्या रांगेत मीही बसलो होतो. प्रशिक्षिका तयारीच्या होत्या आणि श्वासाकडे लक्ष द्यायला सांगताना त्या कोणतेही मोठे आश्वासन देत नव्हत्या, हे मला आवडले. चहाच्या वेळी शेजारच्या एका संशोधक विद्यार्थ्याला मी सहज विचारले, ‘‘कसे वाटले?’’ तो जरा संकोचून म्हणाला, ‘‘सर, डोळे मिटले की आधी गाईडच दिसतात.’’ आम्ही दोघेही हसलो. पण पुढे त्याने जे सांगितले त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. प्रबंधाचे तिसरे प्रकरण चार महिने गाईडच्या, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकांच्या, टेबलावर पडून होते, अधिछात्रवृत्तीचे पैसे बरेच दिवस आले नव्हते आणि खोलीचे भाडे थोरल्या भावाकडून मागवावे लागत होते. कार्यशाळा संपताना अभिप्रायाचा छापील कागद वाटण्यात आला. त्यावर प्रशिक्षिका, सभागृह आणि चहापान यांविषयी प्रश्न होते. डोळे मिटल्यावर काय दिसले, हे लिहायला जागा नव्हती.

त्या कागदातील या उणिवेविषयीच मला लिहायचे आहे. सजगतेचे प्रशिक्षण थोतांड आहे असे मी मानत नाही. त्याचा उपयोग होतो आणि तसा पुरावाही आहे. माझा आक्षेप ते ज्या हिशोबाने आपल्याकडे आणले जात आहे त्याला आहे. विद्यार्थ्याला स्वतःच्या मनाकडे बारकाईने पाहायला शिकवायचे, आणि त्याला तेथे जे दिसेल त्याची दखल मात्र कोणी घ्यायची नाही, अशा व्यवस्थेत ते प्रशिक्षण संस्थेच्या सोयीचे साधन बनते.

या विषयाची गंमत अशी की पुण्याला तो मुळीच नवा नाही. ज्याला आज सजगता किंवा अवधान म्हणतात तो मूळचा पाली भाषेतील ‘सति’ हा शब्द, संस्कृतातील ‘स्मृति’. धर्मानंद कोसंबी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते, म्हणजे या शब्दाची उकल पुण्यातील वर्गांत शंभर वर्षांपूर्वीच झाली होती. इगतपुरीचे विपश्यना केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. आज स्वारगेटजवळ आणि आळंदीजवळच्या मरकळलाही केंद्रे आहेत. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ मध्ये सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, तो प्रामुख्याने जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या आणि औषधांनी पुरता आराम न पडणाऱ्या रुग्णांसाठी. त्यांनी धार्मिक परिभाषा बाजूला ठेवली आणि साधनेची पद्धत तेवढी घेतली. पुढे त्याच धर्तीवर, नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून एक उपचारपद्धती तयार झाली आणि ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्याचा झटका येऊन गेला आहे अशा रुग्णांसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ या अधिकृत संस्थेने २००४ मध्ये तिची शिफारस केली. आपलीच वस्तू साता समुद्रांपलीकडून प्रमाणपत्र लावून परत आली, एवढाच यातला विनोद. ती परत येताना मधल्या मधे काय गळले, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे. सतिपट्ठानात, म्हणजे सजगतेविषयीच्या बुद्धाच्या मूळ उपदेशात, देह, वेदना आणि चित्त यांच्या निरीक्षणानंतर जे ‘धम्म’ पाहायचे असतात त्यांत चार आर्यसत्ये येतात, आणि त्यांतले दुसरे सत्य दुःखाच्या कारणाचे आहे. कारण विचारणे हा या साधनेचाच एक भाग आहे. तीन तासांच्या कार्यशाळेत मात्र आपण देहापाशी सुरुवात करतो आणि श्वासापाशीच थांबतो.

आता पुराव्याकडे येऊ. विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरचा सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा प्रयोग केंब्रिज विद्यापीठातला आहे. ६१६ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला आठ आठवडे सजगतेचे वर्ग मिळाले, दुसऱ्याला नाही. परीक्षेच्या दिवसांत मानसिक त्रास ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेल्यांचे प्रमाण प्रशिक्षण न मिळालेल्या गटात ५७ टक्के होते, तर प्रशिक्षण मिळालेल्या गटात ३७ टक्के. हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. ‘यात काही तथ्य नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

पण हाच प्रयोग दाखवून जे महाविद्यालयांना शनिवारची एक दुपार विकतात, त्यांनी त्याची मांडणीही पूर्ण वाचावी. केंब्रिजमध्ये दोन्ही गटांना विद्यापीठाची नेहमीची समुपदेशन सेवा उपलब्ध होती. तुलना ‘समुपदेशन अधिक सजगता’ आणि ‘नुसते समुपदेशन’ यांच्यात झाली. म्हणजे जो फायदा मोजला गेला तो आधीच घातलेल्या जोत्यावर चढवलेल्या मजल्याचा होता. शिवाय ज्यांना त्या वेळी तीव्र नैराश्य किंवा चिंतेचा त्रास होता त्यांना या वर्गांत घेतलेच नव्हते; त्यांची सोय वेगळी होती. आपल्याकडे जोते घालायच्या आधीच मजला बांधायला निघण्याची घाई आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य आणि चिंतेसारख्या सर्वसामान्य मानसिक विकारांच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत १,७६४ ही सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातली होती. सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२५ मध्ये असे सांगावे लागले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. जी गोष्ट पायाभूत मानायला हवी ती न्यायालयाच्या निर्देशाने मागावी लागते, तेथे सजगतेची कार्यशाळा समुपदेशकाच्या खुर्चीवर बसवली जाण्याचा धोका उघड आहे. ती स्वस्त पडते, तिचा फोटो चांगला येतो आणि मूल्यांकनाच्या अहवालात तिला एक ओळ मिळते.

या विद्यार्थ्यांच्या दुःखाची कारणे फार गूढ आहेत असेही नाही. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाहणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांना मानसिक विकार जडण्याचा धोका असल्याचे आढळले, आणि तो धोका ज्या गोष्टींशी जोडलेला दिसला त्या म्हणजे कामाचा बोजा, कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे, घर आणि काम यांची ओढाताण आणि मार्गदर्शकाची वागण्याची रीत. हे सारे पगारी संशोधक असलेल्या, श्रीमंत प्रदेशातल्या विद्यार्थ्यांचे.

पुण्यात या यादीत आणखी भर पडते. सदाशिव पेठेत किंवा औंध-बाणेरकडे कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचे भाडे भरून राहणारा, मेसचा एक डबा दोन वेळा पुरवणारा, सकाळी एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून दुपारी ग्रंथालयात बसणारा संशोधक विद्यार्थी हे या शहराचे अगदी नेहमीचे चित्र आहे. ज्याला जेआरएफ ही राष्ट्रीय पातळीवरची संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली त्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मंजूर आहेत. ज्याला ती मिळाली नाही तो त्याच विभागात, त्याच प्रयोगशाळेत, त्याच गाईडकडे काम करतो आणि घरून पैसे मागवतो. अनुसूचित जातींच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देणारी बार्टी आणि मराठा-कुणबी समाजासाठीची सारथी या दोन्ही शासकीय संस्थांची मुख्यालये पुण्यातच आहेत. नोंदणीच्या तारखेपासून अधिछात्रवृत्ती मिळावी, एवढ्या साध्या मागणीसाठी विद्यार्थ्यांना उपोषणे आणि धरणी धरावी लागली, हे या शहराने पाहिले आहे. पदव्युत्तर पदवीच्या मुलांची स्थिती निराळी असली तरी सुखाची नाही. एम.ए. करत असताना प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट-सेट परीक्षांची तयारी, त्याच वेळी स्पर्धा परीक्षा, त्याच वेळी घरी ‘आता नोकरीचे काय?’ हा प्रश्न. दोन वर्षांची पदवी मिळते न मिळते तोच पुढचे सगळे रस्ते पुन्हा एखाद्या परीक्षेच्या दाराशी जाऊन थांबतात.

या सर्वांत मार्गदर्शकाचा मुद्दा मला अधिक विस्ताराने मांडावासा वाटतो, कारण त्याबद्दल आपल्याकडे उघडपणे कमी बोलले जाते. इतर कोणत्याही नोकरीत वरिष्ठ एक असला तरी त्याच्या वर आणि बाजूला कोणी असते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा विषय, त्याचा वेळ, सहामाही प्रगती अहवालावरची सही, परिषदेला जाण्याची परवानगी, प्रबंध सादर करण्याची तारीख आणि पुढच्या नोकरीसाठीचे शिफारसपत्र हे सारे एका माणसाच्या हातात असते. गाईड बदलून मिळतो, पण बदल मागितल्यावर त्याच विभागात पुढची वर्षे काढायची असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी अशी मर्यादा घातली आहे आणि दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडण्याची तरतूद केली आहे. तरतूद उत्तम आहे. पण समितीत गाईड स्वतः निमंत्रक म्हणून बसलेले असताना ‘माझे प्रकरण चार महिने वाचले गेले नाही’ हे वाक्य कोणता विद्यार्थी उच्चारील? गाईडही सुटलेले नसतात, हे मान्य केले पाहिजे. रिक्त जागांमुळे दोघांचे काम एकाच्या अंगावर, वर परीक्षा, समित्या आणि अहवाल यांचे लचांड. थकलेला माणूस थकव्याचा भार खाली ढकलतो, आणि उतरंडीत सर्वांत खाली विद्यार्थी असतो.

म्हणूनच ब्रिटनमधील शाळांवरच्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष मला आपल्यासाठी विशेष बोलका वाटतो. ‘मिरियड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगात ८० हून अधिक शाळांतील ११ ते १३ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांचा समावेश होता आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. मुलांना सरसकट सजगता शिकवून त्यांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त सुधारणा दिसली नाही. शिकवणाऱ्या शिक्षकांना मात्र लाभ झाला: त्यांचा कामाचा शीण कमी झाला आणि शाळेतील वातावरणही, निदान काही काळ, सुधारले. अकरा वर्षांची मुले आणि पंचविशीतले संशोधक एकसारखे नसतात, हे उघडच आहे. तरीही आपण हे प्रशिक्षण ज्यांना देत नाही त्यांनाच ते आधी द्यायला हवे, ही शंका या निष्कर्षाने बळावते. पुण्यातील विद्यापीठीय विभागांनी सजगतेचा पहिला वर्ग गाईडसाठी भरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याविषयी प्रशिक्षण द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निर्देशांत आहे. त्यामुळे त्यासाठी नवा आदेश काढण्याचीही गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. व्यवस्था सुधारायला दहा वर्षे लागतील. विद्यार्थ्याकडे साधारण सहा आहेत. शासन निर्णय निघेपर्यंत त्याने रात्री झोपायचे कसे? श्वास आज हाताशी आहे, तर तो आजच का शिकवू नये? मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच मी प्रशिक्षण बंद करा असे म्हणत नाही. उलट माझा अनुभव असा आहे की मन थोडे स्थिरावले की विद्यार्थ्याला ‘माझे काही चुकते आहे’ आणि ‘माझ्या बाबतीत काही चुकीचे घडते आहे’ यांतला फरक दिसू लागतो. आपल्याकडे गावाकडून आलेला हुशार मुलगा पहिल्या अपयशाचे सारे खापर स्वतःवर फोडून घेतो; मीच कमी पडलो, माझे इंग्रजीच कच्चे, माझ्यातच दम नाही. हे विचार येतात आणि जातात, ते म्हणजे निकाल नव्हेत, एवढे जरी आठ आठवड्यांत उमगले तरी खूप झाले. असा विद्यार्थी अर्जही नीट लिहितो. अडचण एवढीच की तो अर्ज घ्यायला पुढे कोणी असले पाहिजे.

सक्ती मात्र अजिबात नको. डोळे मिटून शांत बसणे प्रत्येकाला शांत करते हा गैरसमज आहे. ज्यांच्या मागे हिंसेचा किंवा आघाताचा अनुभव आहे, ज्यांना तीव्र नैराश्य आहे, अशा काहींना दीर्घ ध्यानाने अस्वस्थता वाढल्याचे संशोधनांत नोंदले गेले आहे. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा अर्ज भरतानाही मानसिक आजाराची माहिती विचारतात. महाविद्यालयातल्या कार्यशाळेत हजेरीपत्रक फिरते, पण हा प्रश्न कोणी विचारत नाही. शिवाय सजगता हा एकच मार्ग आहे असेही नाही. २९ देशांतल्या १३६ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच न करण्यापेक्षा हे प्रशिक्षण बरे, पण व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा ते सरस असल्याचे दिसत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. पहाटे मित्राबरोबर वेताळ टेकडी चढणाऱ्याला जबरदस्तीने सतरंजीवर बसवण्यात काही हशील नाही. कोणाला ही साधना आपल्या धम्माचा वारसा म्हणून जवळची वाटेल, कोणाला ती परक्या धर्माची वाटेल, कोणी विवेकवादी तिच्याकडे संशयाने पाहील. विद्यापीठाच्या सभागृहात या तिघांनाही बसण्याचा आणि उठून जाण्याचा सारखाच अधिकार हवा.

भाषेचा प्रश्न तर कोणी विचारातच घेत नाही. त्या दिवशीची कार्यशाळा बरीचशी इंग्रजीत झाली, मानसिक त्रास मोजणारी प्रश्नावलीही इंग्रजीत होती आणि सरावासाठी सुचवलेले ॲपही इंग्रजीतलेच. ज्या प्रशिक्षणाचा गाभाच मनात उठलेली वेदना ओळखून तिला नाव देणे हा आहे, ते परक्या भाषेत शिकवायचे म्हणजे विद्यार्थ्याला आधी भाषांतराला बसवायचे. प्रश्नावली विचारते, ‘अँग्झायटी’ किती, शून्य ते तीन? परभणीहून आलेल्या मुलीच्या मनात जे असते ते घालमेल असते, धास्ती असते, कधी उबग, कधी हुरहूर, कधी नुसताच कोंडमारा. धास्तीला समोर काहीतरी दिसत असते, हुरहुरीला दिसत नाही. उबग येतो तो त्याच त्या गोष्टीचा आणि कोंडमारा होतो तेव्हा कोणीतरी दार लावून घेतलेले असते. एवढे भेद ज्या भाषेत तयार आहेत ती बाजूला ठेवून सजगता शिकवणे मला फार उधळेपणाचे वाटते. मराठीतून वर्ग घेणारे प्रशिक्षक तयार करणे हे मानसशास्त्र विभागांचे आणि पाली विभागांचे संयुक्त काम होऊ शकते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात हे दोन्ही विभाग आहेत.

मग करायचे काय, असे कोणी विचारील. जागा आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क करावेच लागते आणि त्यात संशोधन व प्रकाशनाच्या नीतीवरील ३० तासांचा अभ्यासक्रम आयोगाने आधीच घातला आहे. आठवड्याला दीड तास याप्रमाणे आठ आठवड्यांचे बारा तास त्याच सत्रात, ऐच्छिक आणि बिनगुणांचे, सहज बसतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ते परीक्षेच्या तोंडावर न ठेवता सत्राच्या सुरुवातीला ठेवावेत. समुपदेशकाची नेमणूक झाली नसेल तर हे वर्ग सुरूच करू नयेत, कारण डोळे मिटल्यावर ज्याला काही भयंकर दिसेल त्याला कोठे पाठवायचे हे प्रशिक्षकाला ठाऊक असले पाहिजे. आठव्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्याला काय दिसले ते नाव न घालता एका कागदावर लिहावे. हे कागद विभागाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीने एकत्र करून वर्षातून एकदा विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या विद्यापरिषदेपुढे मांडावेत. त्यातून अधिछात्रवृत्तीची दिरंगाई पुढे येईल, वसतिगृहाच्या जागा पुढे येतील, वाचल्याविना पडून राहिलेली प्रकरणेही पुढे येतील. काही कागदांवर नुसते ‘झोप लागली’ असेही लिहिलेले असेल, आणि तेही वाईट नाही.

गाईडचे वर्ग त्याच आठ आठवड्यांत व्हावेत, फक्त वेगळ्या खोलीत. आपले गाईड समोर बसलेले असताना कोणताही विद्यार्थी पुरते डोळे मिटणार नाही.